मिरासदार नव्हे, उपरी

२६ डिसेंबर १९६६, नाताळचा दुसरा दिवस. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी वैज्ञानिकांच्या अधिवेशनात लिन व्हाइट हे इतिहासकार बोलायला उभे राहिले. मध्ययुगातले नांगर, रिकिबी, पाणचक्क्या हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्या दिवशी मात्र ते बोलले ते पर्यावरणाच्या संकटाच्या मुळांबद्दल, आणि ती मुळे त्यांनी थेट बायबलच्या पहिल्या पानावर नेऊन पोचवली. १० मार्च १९६७ रोजी हे भाषण ‘सायन्स’ या साप्ताहिकात छापून आले. जेमतेम पाच पानांचा मजकूर. पण त्यानंतरची जवळजवळ साठ वर्षे ख्रिस्ती धर्म आणि निसर्ग यांच्याबद्दल जे काही बोलले जाते, त्यातले बरेचसे या पाच पानांचेच प्रतिध्वनी आहेत.

आपल्याकडे तो प्रतिध्वनी असा ऐकू येतो: आम्ही वड पुजतो, नदीला माय म्हणतो, नागाला दूध दाखवतो, त्यांच्या देवाने मात्र अवघी पृथ्वी माणसाच्या हवाली केली आणि सांगितले, गाजव सत्ता. गंमत अशी की, चर्चच्या आत बसलेला एक मोठा वर्ग याच निष्कर्षाला उलट्या वाटेने येतो. तो म्हणतो, झाडे लावावीत, चांगलेच आहे, पण ते पालिकेचे काम. मंडळीचे काम आत्म्यांचे तारण. पृथ्वी तर एक दिवस जळून जाणारच आहे. म्हणजे बाहेरचा टीकाकार म्हणतो, तुमचा धर्म सृष्टीचा वैरी आहे. आतला भाविक म्हणतो, माझ्या धर्माला सृष्टीशी कर्तव्य नाही. एक आरोप करतो, दुसरा तो आरोप न कळत कबूल करतो. माझे म्हणणे असे की दोघांनीही एकच कागद चुकीचा वाचला आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू, कारण तो हलका नाही. व्हाइट म्हणतात, उत्तर युरोपात जड नांगर येईपर्यंत शेतकरी जमीन नुसती ओरखडत होता आणि आपल्या कुटुंबाला लागेल तेवढी कसत होता. जड नांगराने ढेकूळ उलथे करून टाकले. त्याला आठ-आठ बैल लागत; एका घराकडे तेवढे नसत, म्हणून बैल एकत्र आणले गेले आणि ज्याचा नांगराला हातभार जेवढा, तेवढी त्याची जमीन, असे वाटप झाले. घराच्या गरजेची जागा यंत्राच्या कुवतीने घेतली. हे घडू शकले, कारण मनाची मशागत आधीच झाली होती. पूर्वी प्रत्येक झाडाला, झऱ्याला, टेकडीला राखणदार देवता असे. तिची समजूत घातल्याशिवाय कुऱ्हाड उचलता येत नसे. ख्रिस्ती धर्माने त्या देवता हाकलल्या. मराठी माणसाला हा मुद्दा लगेच कळेल. पिंपळावरचा मुंजा हाकलला की पिंपळ नुसते लाकूड उरते. इसवी सनाच्या आठव्या शतकात संत बोनिफेसने जर्मनीत गाइस्मार इथला थॉर या देवाचा ओक तोडला, ही कथा चर्चनेच अभिमानाने जपली आहे. तेव्हा या आरोपात काहीच तथ्य नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल.

तरीही आरोप एक आणि कारणमीमांसा दुसरी. अमुक हे तमुकाचे कारण आहे, हे ठरवायची आपल्या नैयायिकांची जुनी कसोटी आहे: अन्वय आणि व्यतिरेक. कारण जिथे असेल तिथे कार्य दिसले पाहिजे; कारण जिथे नसेल तिथे कार्यही दिसता कामा नये. व्हाइट यांचा सिद्धान्त या दोन्ही कसोट्यांवर घासून पाहू.

आधी व्यतिरेक. सुमेर देशात इसवी सनापूर्वी तिसऱ्या सहस्रकातच अति सिंचनाने शेते खारवत चालली होती आणि शेतकरी गहू सोडून खार सोसणाऱ्या जवाकडे वळत होते. प्लेटोने ‘क्रिटियास’ या संवादात अ‍ॅटिकाच्या डोंगरांची तुलना आजाराने झिजून हाडे उरलेल्या देहाशी केली आहे. रान गेले, माती वाहिली, खडक उरला. चीनमध्ये ताओ आणि बौद्ध मतांची शिकवण निसर्गाशी सलोख्याची. पण जंगले तिथेही गेलीच. भूगोलतज्ज्ञ यी-फू तुआन यांनी १९६८ मध्ये, म्हणजे व्हाइट यांच्या पाठोपाठच, हे दाखवून दिले की लोक निसर्गाबद्दल काय मानतात आणि निसर्गाचे काय करतात, यांत पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे सारखेच अंतर आहे. लांब कशाला जा? चंद्रभागेला माय म्हणणारे आणि तिच्यात सांडपाणी सोडणारे वेगळे नाहीत. या कुठल्याही ठिकाणी उत्पत्तीच्या पुस्तकाचा हात नाही.

आता अन्वय. इथियोपिया चौथ्या शतकापासून ख्रिस्ती. तिथल्या तेवाहेदो चर्चच्या बायबलातही उत्पत्तीचा पहिला अध्याय जसाच्या तसा आहे. त्या देशाच्या उत्तरेकडच्या उंच पठारावर आज विमानातून पाहिले तर पिवळसर तपकिरी शेते आणि चराऊ रान दूरवर पसरलेले दिसते आणि त्यांत मधूनमधून हिरवे ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध एक गोल छपराचे चर्च. मूळची जंगले जवळपास संपली. जी उरली ती चर्चभोवती. या रानांत देशी झाडे टिकली, पक्षी आणि कीटक टिकले, झरे टिकले. अलेमायेहू वासी या इथियोपियन परिसरशास्त्रज्ञाने अमेरिकी संशोधक मार्गारेट लोमन यांच्या साथीने तिथल्या धर्मगुरूंना गाठले आणि गुरे आत शिरू नयेत म्हणून शेतांतल्या दगडांचेच गडगे या रानांभोवती घालून घेण्याची चळवळ उभी केली. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास मांडला, तो ज्याने वाचला असेल त्याला हे चित्र ओळखीचे वाटेल. या ख्रिस्ती देवरायाच आहेत. झाडाभोवतीची सगळी भीती ख्रिस्ती धर्माने काढून टाकली, हे विधान निदान इथे तरी लटके पडते.

कुणी म्हणेल, गडग्याबाहेरचे जंगल कुणी तोडले? त्याच ख्रिस्ती शेतकऱ्यांनी. खरे आहे. पण मग हिशेब असा होतो: जे तुटले ते पोटासाठी तुटले, जे राखले ते श्रद्धेपायी. आपल्या देवरायांची गोष्टही अक्षरशः हीच आहे. यातून माणसाच्या भुकेविषयी काही कळेल. बायबलविरुद्ध पुरावा मिळणार नाही.

मग ‘सत्ता गाजवा’ या शब्दांचे काय? इथे मूळ हिब्रूपाशी जावे लागते. पहिल्या अध्यायातली दोन क्रियापदे आहेत ‘काबाश’ आणि ‘रादा’. ‘काबाश’ कठोर आहे; शत्रूला नमवण्यासाठी, माणसाला दास करण्यासाठी तो शब्द येतो. तो मऊ करून सांगणारे भाष्यकार मला पटत नाहीत. ‘रादा’ मात्र राजाचा शब्द आहे, आणि राजा कसा असावा याबद्दल बायबल मुळीच गप्प नाही. लेवीय २५ मध्ये चाकरावर कठोरपणे ‘रादा’ करू नका, असा नियम आहे. यहेज्केल ३४ मध्ये कळपावर जुलमाने ‘रादा’ करणाऱ्या मेंढपाळांना शाप आहे. ७२व्या स्तोत्रात आदर्श राजाचा ‘रादा’ समुद्रापासून समुद्रापर्यंत पसरतो तो गांजलेल्यांना सोडवण्यासाठी. शब्दातच जुलूम असता तर ‘जुलमाने’ हे क्रियाविशेषण वेगळे जोडायची गरज पडली नसती.

शिवाय सत्तेचे वाक्य एकटे उचलून चालत नाही. त्याचे शेजारी पाहावेत. त्याच्या आदल्या दिवशी मासे आणि पाखरे यांना फलद्रूप होऊन बहुगुणित होण्याचा आशीर्वाद मिळाला आहे, माणसाला मिळाला तोच, आणि माणसाच्या आधी. सत्ता मिळाल्यावर लगोलग माणसाला जे अन्न नेमून दिले आहे ते धान्याचे आणि फळांचे. मांसाची मुभा जलप्रलयानंतर, नवव्या अध्यायात येते. म्हणजे या राजाला प्रजेचे रक्त सांडायची परवानगी नव्हती. दुसऱ्या अध्यायात माणूस बागेत ठेवला जातो तो ‘आबाद’ आणि ‘शामार’ या दोन कामांसाठी. मराठीत मशागत आणि राखण. या दोन शब्दांचा बायबलमधला प्रवास मोठा सूचक आहे. गणना ३ मध्ये हीच दोन क्रियापदे लेवींच्या निवासमंडपातल्या सेवेसाठी जोडीने येतात. भावाचा खून करून काइन देवालाच उलट विचारतो की मी काय भावाचा राखणदार आहे, तिथला राखणदार याच ‘शामार’चा. मातीची राखण नाकारणे आणि भावाची राखण नाकारणे यांना हिब्रूत एकच शब्द पुरतो.

मग ‘ओरबाडा’ असा अर्थ आला कुठून? व्हाइट यांचे पारडे इथे थोडे जड होते, फक्त त्यांची तारीख चुकली. अमेरिकी अभ्यासक जेरेमी कोहेन यांनी उत्पत्ती १:२८ या एका वचनाचा प्राचीन आणि मध्ययुगीन प्रवास शोधून १९८९ मध्ये ग्रंथ लिहिला. ज्यू असोत वा ख्रिस्ती, जुन्या वाचकांना या वचनात निसर्गाच्या लुटीचा परवाना जवळजवळ कुठेच दिसला नव्हता, असा त्यांचा निष्कर्ष आहे. वंशवृद्धी, विवाह, देवाचा करार, असेच प्रश्न ते या वचनाला विचारत. सूर बदलतो तो सतराव्या शतकात. फ्रान्सिस बेकन १६२० मध्ये म्हणतो की आदामाच्या पतनात गमावलेली सत्ता माणसाने विज्ञानाच्या बळावर परत मिळवावी. जॉन लॉक १६९० मध्ये म्हणतो की देवाने भूमी वश करायला सांगितली, म्हणून जो ती कसून सुधारतो तो मालक. न कसलेली जमीन म्हणजे वाया गेलेली. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भूमीवर पाय ठेवणाऱ्यांना हा युक्तिवाद किती सोयीचा होता, हे सांगायला नको. तर दोषारोप असा हवा: युरोपातल्या ख्रिस्ती माणसांनी, व्यापार आणि वसाहती वाढत असताना, आपल्या लोभाला बायबलचे कुलमुखत्यारपत्र लावले. हा दोष मान्य. पण मुखत्यारपत्र बनावट होते.

अस्सल कागद कोणता, ते लेवीय २५ मध्ये आहे, आणि तो कळायला मराठी वाचकाइतका योग्य वाचक नाही. मराठेशाहीतल्या खेड्यात जमीन कसणारे दोन प्रकारचे: मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, हक्काची. उपरी बाहेरून आलेला, कसतो पण हक्क सांगू शकत नाही. इस्राएल लोकांनी वचनदत्त देशात पाऊल टाकण्याआधीच देव त्यांना बजावतो की भूमी माझी आहे, तुम्ही माझ्याकडे परके आणि प्रवासी म्हणून राहता. मिरासदार एकटा देव. बाकी सगळे उपरी.

इथे जाणकार शेतकरी शंका काढील: उपरी कधी बांधबंदिस्ती करतो काय? उद्या उठून जाणारा माणूस जमिनीला शेणखत कशाला घालील? शंका रास्त आहे, आणि त्या कायद्याने ती आधीच हेरली आहे. दर पन्नासाव्या वर्षी, योबेल वर्षी, विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जायची. म्हणून विक्रीची किंमत पुढच्या योबेलपर्यंत किती पिके निघतील त्यावरून ठरायची. विकले जाई ते पीक, जमीन नव्हे. म्हणजे वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची, मालकी कधीच नाही. राखायला पुरेसा लागाबांधा आणि विकून मोकळे होण्याइतका हक्क नाही, अशी ही रचना आहे. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची. त्या वर्षी आपोआप उगवेल ते गरिबांनी खावे आणि उरेल ते रानातल्या जनावरांनी. शब्बाथाची विश्रांती बैलाला आणि गाढवालाही. शहराला वेढा घातला तरी फळझाडे तोडायची नाहीत. घरट्यात पिलांवर बसलेली पक्षीण पिलांसकट धरायची नाही. आणि हे नियम मोडले तर? २ इतिहासाच्या शेवटच्या अध्यायात बाबेलच्या बंदिवासाचा अर्थ सांगितला आहे: जमिनीला नाकारलेली विश्रांती जमिनीने सत्तर वर्षे ओसाड राहून वसूल केली. थकबाकी माणसांची, वसुली मातीची.

आता घरातल्या पक्षाकडे वळतो. पृथ्वी जळून जाणार, या समजुतीचा आधार २ पेत्र ३:१०. पृथ्वी आणि तिच्यावरील कामे जळून जातील, असे तिथे जुनी भाषांतरे म्हणतात. पण सिनाइटिकस आणि व्हॅटिकनस या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत तिथे ‘जळतील’ हा शब्दच नाही. ‘सापडतील’ असा शब्द आहे. म्हणजे उघडकीला येतील, हिशेबाला लागतील. अग्नी आहे, पण तो सोनाराच्या मुशीतला. प्रकटीकरणाच्या शेवटी आत्मे वर उडून जात नाहीत; पवित्र नगरी खाली उतरते. आणि त्याच पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात पृथ्वीचा नाश करणाऱ्यांचा नाश करण्याची वेळ आल्याची घोषणा आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल अवघी सृष्टी बाळंतवेणांत कण्हत असल्याचे सांगतो; वेणा मरणाच्या नसतात, जन्माच्या असतात. नोहाशी झालेला करार नोहाशी तर होताच, शिवाय तारवातून उतरलेल्या प्रत्येक प्राण्याशीही होता. ज्यांच्याशी देवाने करार केला ते जीव आपल्या तारणाच्या वाटेतले सामान कसे ठरतील?

यावर एक व्यवहारी उत्तर येते: ठीक आहे, मग पाच जूनला, पर्यावरण दिनी, धर्मग्रामात झाडे लावू. हे उत्तर मला सर्वांत घातक वाटते, कारण त्याने राखणीचा ‘कार्यक्रम’ होतो. ख्रिस्ती परंपरेत ही राखण दिनचर्येत होती. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठाच्या कोठीवाल्याला नियम घालून दिला की फावडे-घमेली, भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी हाताळावीत. योहानाच्या शुभवर्तमानात पाच भाकरी पाच हजारांना पुरवल्यानंतर येशू शिष्यांना उरलेले तुकडे वेचायला लावतो, काही वाया जाऊ नये म्हणून. बारा टोपल्या भरतात. ज्याला हवे तेवढे निर्माण करता येत होते, त्याने उरलेले तुकडे जमवले. सणाच्या जेवणानंतर मांडवामागे टाकलेल्या पत्रावळी आणि अन्नाचा ढीग पाहून हा प्रसंग आठवला नाही, तर शुभवर्तमान ऐकले की नुसते उभे राहून घालवले, हे ज्याने त्याने तपासावे. मिस्सेत वेदीवर गहू-द्राक्षे जात नाहीत. भाकर आणि द्राक्षारस जातात. माती आणि माणसाचे कष्ट मिळून जे होते, तेच अर्पण. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लागते ती आपण मातीचे आहोत याची नोटीस म्हणून. हिब्रूत ‘आदाम’ हा शब्दच ‘आदामा’ म्हणजे माती या शब्दाचा सख्खा.

ही दिनचर्या आपल्या किनाऱ्यालाही नवी नाही. गोव्यात सासष्टीतल्या राय गावी ५ ऑगस्टला भाताची नवी कणसे कापून चर्चमध्ये आशीर्वादित होतात. त्याआधी नव्याला तोंड लावायचे नाही, ही रीत. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्याचे नेतृत्व केले. वाड्यांवर येणारे इमले आणि विहिरी उपसून नेणारे टँकर यांच्याविरुद्ध ते रस्त्यावर उतरले. तेच दिब्रिटो बायबलचे मराठी भाषांतरकार आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्यांच्या पाठीशी उभे राहिलेल्या वाडीवाल्यांना सृष्टीचे धर्मशास्त्र कुणी शिकवले नव्हते. बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, पाऊस साठला तर विहीर जगते, विहीर जगली तर केळ आणि पानवेल जगते, एवढे त्यांना ठाऊक होते. आणि हेही लपवू नये की बावखले बुजवून जमिनी विकणाऱ्यांतही त्याच चर्चच्या बाकांवर बसणारे होते. काइनाचा प्रश्न वसईतही विचारला गेला.

शेवटी व्हाइट यांच्याशी हिशेब पुरा करतो. त्यांचे नाव घेणारे बहुतेक जण त्यांची पहिली चार पाने सांगतात. पाचव्या पानावर ते म्हणतात की रोग धार्मिक असल्याने उपायही धार्मिकच हवा, आणि परिसरशास्त्रज्ञांचा आश्रयदाता संत म्हणून असिसीच्या फ्रान्सिसचे नाव सुचवतात. ते स्वतः ख्रिस्तीच होते. बारा वर्षांनी, १९७९ मध्ये, पोप दुसरे जॉन पॉल यांनी नेमकी तीच घोषणा केली. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ हे परिपत्र काढले, त्याचे नावही त्या संताच्या सूर्यस्तोत्रातून आलेले. आणि त्या परिपत्रात उत्पत्तीच्या वचनाचा लुटीसाठी केलेला अर्थ चुकीचा असल्याचे स्वच्छ म्हटले आहे. फिर्यादीने सुचवलेला उपाय आरोपीने मान्य केला, अशी उदाहरणे वैचारिक इतिहासात फार नाहीत.

तेव्हा निवाडा असा. ख्रिस्ती माणसांनी पृथ्वी लुटली, हे खरे. ख्रिस्ती शास्त्राने ती लुटायला दिली, हे खोटे. आणि हे शास्त्र सृष्टीबद्दल मौन बाळगते, हे त्याहून खोटे. ज्याला पृथ्वीवर मिरास सांगायची असेल त्याने ती सांगावी; पण कागद म्हणून बायबल पुढे करू नये. त्या कागदावर आपले नाव उपऱ्यांच्या यादीत आहे, आणि नावापुढे नेमलेले काम लिहिले आहे: मशागत आणि राखण.